अ‍ॅरिस्टॉटलची ‘ऊसिया’, आजोबांचं वाटणीपत्र आणि एक अडलेला शब्द

शाईचा डाग (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र निघालं. मोडी नाही, बाळबोधच आहे, पण शाई इतकी उडाली आहे की भिंग लावून वाचावं लागतं. ‘स्थावर जंगम जिंदगी’ दर चार ओळींनी येते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, गोठ्याची भिंत, दोन परसातले फणस आणि शेवटी ‘रोकड द्रव्य’, एवढं सगळं त्यात आहे.

त्याच आठवड्यात आमच्या वाचनगटात (पाच टाळकी, रविवार सकाळ, पोहे आळीपाळीने) अ‍ॅरिस्टॉटलचं ‘कॅटेगरीज’ (जे जे आहे त्याची खाती पाडणारं पुस्तक) सुरू झालं आणि मराठी टिपणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीलाच अडलो ते ‘सबस्टन्स’पाशी. मी लिहिलं ‘द्रव्य’. बाबा शेजारी बसून वाटणीपत्र लावत होते. त्यांनी टिपण उचललं, ‘हा अमुक माणूस, हा अमुक घोडा, हे प्रथम द्रव्य होय’ एवढं वाचलं, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, “कुणाचं द्रव्य? किती?”

हसलो. मग कोश उघडला आणि गार पडलो.

अ‍ॅरिस्टॉटलचा मूळ ग्रीक शब्द आहे ‘ऊसिया’. अथेन्सच्या बाजारात कुणाला विचारलं असतं की ऊसिया म्हणजे काय, तर त्याने शेत, घर, गुलाम, पेटीतली नाणी दाखवली असती. ऊसिया म्हणजे मालमत्ता. कोर्टातल्या भाषणांत ‘दिसती ऊसिया’ आणि ‘न दिसती ऊसिया’ असे दोन प्रकार येतात. जमीन-घर दिसतं, रोकड लपवता येते. श्रीमंतांवर सार्वजनिक खर्चाचा बोजा टाकायची पद्धत असल्यामुळे हा भेद फार कामाचा होता.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सुरुवातीला सॉक्रेटिस म्हाताऱ्या केफालसला विचारतो की एवढी ऊसिया गाठीशी असल्याचा सगळ्यात मोठा फायदा तुला काय झाला. तिथे अर्थ सरळ पैसाअडका. त्याच ग्रंथाच्या सहाव्या भागात तोच सॉक्रेटिस म्हणतो की ‘शिव’ (देव नव्हे, ‘चांगलं’ या अर्थी) हे ऊसियाच्याही पलीकडचं आहे. आता अर्थ ‘असणेपण’, सत्ता, सत्त्व, काय म्हणाल ते. म्हणजे बाबांचा प्रश्न अडाणी नव्हता, तो अथेन्सचा प्रश्न होता.

तर प्रश्न दोन. एक, ऊसियाचं ‘सबस्टन्स’ झालं कसं? शब्दांत काही साम्य दिसत नाही. दोन, मराठीत काय लिहू? द्रव्य, सत्त्व, सत्ता, सार, वस्तू? रविवारच्या आत सांगा, पोह्यांची पाळीही माझीच आहे.

---

खडीसाखर

भारी धागा! मला वाटतं उत्तर आपल्याकडेच आहे. ऊसिया म्हणजे ‘वसु’! वसु म्हणजे धन. वसुंधरा, वसुदेव, वसुली (?). ग्रीकांनी आपलाच शब्द नेला.

---

तिरपी रेघ

खडीसाखर, ऐकायला गोड आहे (नावाला जागलात), पण नाही. आणि वसुली अरबी आहे, ‘वसूल’वरून.

डाग, तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन दोरे गुंतले आहेत, सोडवून ठेवते. ‘सबस्टन्स’ हा शब्दाच्या घडणीने ऊसियाचा वारस नाहीच. तो दत्तक आहे.

ऊसिया हा ‘असणे’ या क्रियापदाच्या वर्तमान कृदंतापासून झाला. आपल्याकडे ‘अस्’ धातूपासून ‘सत्’ होतं, तसं ग्रीकमध्ये पुल्लिंगी ‘ओन’, स्त्रीलिंगी ‘ऊसा’. त्या ऊसाला भाववाचक प्रत्यय लागला की ऊसिया. रोमन लोकांची पंचाईत अशी की लॅटिनमध्ये ‘एस्से’ म्हणजे असणे हे क्रियापद होतं, पण त्याचं कृदंत रोजच्या वापरात नव्हतं. शेपटीसारखं कुठेतरी उरलं होतं, ‘प्रेसेन्स’, ‘आब्सेन्स’ यांत. शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणत होतो ना, त्यातलं ‘सेंट’ म्हणजे आपलं ‘सत्’च. पण सुटं वापरायला जावं तर हाताशी नाही.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपला मित्र लुसिलियसला लिहिलेल्या पत्रांत ५८वं पत्र याच रडगाण्याचं आहे. रोमन भाषा किती गरीब आहे बघ, एका अक्षराचा ग्रीक शब्द आहे आणि मला तो लॅटिनमध्ये आणता येत नाही, नामाच्या जागी क्रियापद ठेवून ‘जे आहे ते’ असं म्हणावं लागतं. त्याच पत्रात तो ‘एस्सेन्तिया’ हा शब्द वापरायची परवानगी मागतो, आणि शिव्या बसू नयेत म्हणून पुढे करतो आधीच्या जमान्यातल्या नामांकित वक्त्याला, सिसेरोला: हा शब्द त्याचा आहे हो, माझा नाही. गंमत म्हणजे सिसेरोचं जे लेखन आज उपलब्ध आहे त्यात तो शब्द कुठेच नाही. वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन तर श्रेय प्लाउटस नावाच्या कुणा तिसऱ्यालाच देतो, आणि वर म्हणतो की ऊसियाला लॅटिनमध्ये दुसरं नावच नाही. म्हणजे बाप कोण यावर एकमत नाही, मूल मात्र ठणठणीत. तेच पुढे इंग्रजीत ‘इसेन्स’ झालं आणि शेवटी व्हॅनिलाच्या बाटलीवर जाऊन बसलं.

सिसेरोला नवे शब्द पाडायची खोड होतीच, हे खरं. ‘क्वालिटी’चं मूळ ‘क्वालितास’ त्याने प्लेटोच्या ‘पोइओतेस’वरून घडवलं. तो ग्रीक शब्दही प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात वापरताना ‘हा शब्द तुम्हाला विचित्र वाटत असेल’ अशी आधीच माफी मागितली होती. ‘कसा’ला ‘पण’ लावून ‘कसेपणा’, असा तो शब्द आहे. आज गिरणीच्या पिठालाही आपण क्वालिटी विचारतो.

‘सुब्स्तान्तिया’ वेगळी. सुब् म्हणजे खाली, स्तारे म्हणजे उभं राहणं. हा साचा ग्रीक ‘हुपोस्तासिस’चा, हुपो म्हणजे खाली आणि स्तासिस म्हणजे उभं राहणं. ऊसियाच्या घरी हा शब्द नंतर राहायला आला. एस्सेन्तिया रोमन कानाला बराच काळ खटकत राहिली. पाचव्या शतकातसुद्धा ऑगस्टीन तिला ‘नवा शब्द’ म्हणतो. सुब्स्तान्तिया रुळलेली होती. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोइथियसने कॅटेगरीज लॅटिनमध्ये आणताना ऊसियाच्या जागी सुब्स्तान्तिया घातली आणि युरोपातल्या विद्यापीठांनी पुढे शेकडो वर्षं तेच वाचलं. याच बोइथियसने एका धर्मशास्त्रीय लेखात मात्र ऊसियाला एस्सेन्तिया आणि हुपोस्तासिसला सुब्स्तान्तिया अशी जोडी लावली आहे. तेव्हा भाषांतर करताना आपला गोंधळ उडाला तर लाजू नये, ही परंपरा जुनी आहे.

---

बिनपगारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक शंका. हे सगळे ‘खाली उभं राहणारं’ काय उभं राहतंय खाली?

---

निवांत नाना

हुपोस्तासिस वाचलं आणि बसल्या जागी हसू आलं. तिरपी रेघ, तुम्हाला ठाऊक असेलच, पण बाकीच्यांसाठी सांगतो. हा शब्द वैद्यांचा आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत हुपोस्तासिस म्हणजे लघवीत खाली बसणारा गाळ. त्याचा रंग, तो किती बसला, कधी बसला, यावरून दुखण्याचं भाकीत.

मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे: साका. मी बत्तीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं. पुस्तकात ‘अवक्षेप’ छापलेलं असायचं, पण परीक्षानळी उजेडात धरली की शेवटच्या बाकावरचं पोरगं ओरडायचं, “सर, साका बसला!” ताकाखाली बसतो, तेलाच्या बुधलीत बसतो, चुन्याच्या निवळीखाली बसतो. वरचं नितळ पाणी ओतून टाका, जे उरलं ते हुपोस्तासिस. गुण येतात-जातात, खाली राहतं ते खरं, हा तत्त्वज्ञांचा अर्थ तिथून फार लांब नाही.

म्हणून माझं मत: अ‍ॅरिस्टॉटलचा साका लिहा. (थट्टा आहे. रविवारी असं वाचलंत तर माझं नाव सांगू नका.)

---

कोकमसरबत

नाना _/\_ साका आवडला.

दोन-तीन गोष्टी संस्कृतच्या बाजूने.

रेघताईंनी ऊसियाची जी फोड दिली, तिला घडणीने तंतोतंत जुळणारा शब्द आहे ‘सत्ता’: सत् अधिक ता. धातूही एकच, दोन्ही भाषांच्या समाईक पूर्वजाकडून आलेला. कुणी कुणाकडून नेलेला नाही, दोन्ही घरांत आजीचं एकच पातेलं. पण मराठीत ‘सत्ता’ म्हटलं की कान मंत्रालयाकडे जातात. ग्रीकांकडेही ही वाट आहे बरं का. ऊसियाचंच भावंड ‘एक्सूसिया’ म्हणजे अधिकार, हुकूम चालवण्याची मुभा. असण्याच्या धातूपासून एका घरात मालमत्ता निघाली, दोन्ही घरांत अधिकार निघाला.

‘सत्त्व’ नको. त्याच्यामागे लगेच रज-तम उभे राहतात. ‘सार’ हे इसेन्सला ठीक, पण ‘हा अमुक घोडा’ हे सार कसं?

‘द्रव्य’ला माझा पाठिंबा, आणि तो बाबांच्या प्रश्नामुळे कमी होत नाही, वाढतो. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत द्रव्याचं लक्षण दिलं आहे: ‘क्रियागुणवत् समवायिकारणम्’. ज्यावर गुण आणि क्रिया राहतात ते. अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हा घोडा’ही असाच आहे, पांढरेपणा त्याच्यावर राहतो, तो कुणावर राहत नाही. आणि मराठीत याच शब्दाचा अर्थ पैसाही आहे, जसा ऊसियाचा होता. इतका जमलेला जोडा मोडू नका.

एक खडा मात्र टिपणात ठेवा. कणादाची द्रव्यं नऊ: पृथ्वी, अप्, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा, मन. अ‍ॅरिस्टॉटल कालाला ऊसियात बसवत नाही, ‘किती’ या खात्यात टाकतो. दोन्ही शब्द शेजारी आहेत, जुळे नाहीत.

आता द्रव्य कुठून आलं ते. ‘द्रु’ म्हणजे वाहणं, म्हणून द्रव, असं बहुतेक जण सांगतात. पण पाणिनीकडे दुसरा ‘द्रु’ आहे, झाडाचा. ‘द्रोश्च’ (४.३.१६१) या सूत्राने द्रूचा विकार, म्हणजे लाकडापासून झालेलं ते द्रव्य. देवदारूतला दारू हा याच कुळातला (बाटलीतली दारू फारसी, तिथे ती मुळात औषध). आणि ग्रीकमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने ‘मॅटर’साठी जो शब्द घेतला तो ‘हूले’, म्हणजे लाकूड, रान. लॅटिन ‘मातेरिया’ म्हणजे इमारती लाकूड. तिन्ही भाषांत विचार करणारा माणूस सुताराच्या दुकानासमोर उभा होता असं वाटायला लागतं. आमच्या सातवीच्या विज्ञानात ‘द्रव्याच्या अवस्था’ होत्या, तेही लाकूडच म्हणायचं.

---

खडीसाखर

ओके, वसु मागे घेते. पण प्लेटोनेही अशाच उड्या मारल्यात ना? मग मला का ओरडा?

---

तिरपी रेघ

हा हा, रास्त! ‘क्रॅटिलस’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की ऊसियाला काही ठिकाणी ‘एस्सिया’ म्हणतात, आणि तिथून थेट चुलीची देवी हेस्तियाशी नातं जोडतो. घरात यज्ञ करताना पहिला मान हेस्तियाचा, कारण तीच सगळ्याचं असणं. व्युत्पत्ती म्हणून त्याला कुणी मान्यता देत नाही, पण चूल, घर आणि असणं एका दमात आठवावं हे बघा. तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

---

झोपाळू घुबड

वसईचा आहे, चर्चमध्ये वाढलो, म्हणून या भांडणातला रक्तरंजित भाग माझ्याकडून.

रेघताई म्हणाल्या, ऊसिया आणि हुपोस्तासिस एकमेकांत मिसळले. इ.स. ३२५ला निकिया येथे धर्मसभा भरली (आजचं तुर्कस्तानातलं इझ्निक). प्रश्न होता, पुत्र पित्याच्या तोडीचा देव आहे का. ठरलेला शब्द ‘होमोऊसिओस’, म्हणजे त्याच ऊसियाचा. यावरून पुढची पन्नासेक वर्षं रण माजलं. मधली तडजोड म्हणून एक पक्ष ‘होमोइऊसिओस’ म्हणायला लागला, म्हणजे ‘तशाच’ ऊसियाचा. ग्रीकमध्ये फरक एका ‘इ’चा. मराठीत ‘तोच’ आणि ‘तसाच’. एका ‘सा’साठी बिशप हद्दपार झाले.

निकियाच्या ठरावात ऊसिया आणि हुपोस्तासिस एकाच अर्थी आलेले आहेत. नंतर कॅपाडोकियाच्या धर्मपंडितांनी ते वेगळे केले: ऊसिया एक, हुपोस्तासिस तीन. ग्रीकांपुरतं छान मिटलं. पण लॅटिन माणसाच्या कानाने ऐका. हुपोस्तासिस म्हणजे अक्षरशः सुब्स्तान्तिया. मग तीन हुपोस्तासिस म्हणजे तीन सुब्स्तान्तिया, म्हणजे तीन देव! लॅटिनमध्ये तेर्तुलियन या जुन्या धर्मपंडितापासून ‘एक सुब्स्तान्तिया, तीन पेर्सोना (म्हणजे व्यक्ती)’ असं चालत आलेलं.

जेरोम हा लॅटिन धर्मपंडित तेव्हा सीरियाच्या वाळवंटात तप करत होता. आजूबाजूचे साधू त्याच्या मागे लागले, ‘तीन हुपोस्तासिस’ म्हण. त्याने रोमला पोप दमासस यांना पत्र लिहिलं: हे काय म्हणायला लावतायत मला? मधाखाली विष आहे यात. तुम्ही सांगाल तर म्हणतो. दोन्ही बाजूंना सांगायचं होतं तेच, पण भाषांतर आड आलं.

नानांचा ‘साका’ मी आमच्या फादरना ऐकवला. त्यांनी डोक्याला हात लावला आणि दोन मिनिटांनी परत विचारलं, “काय शब्द म्हणालास?”

---

बिनपगारी

माझ्या शंकेकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, पण इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने केलं नव्हतं. इ.स. १६९०च्या त्याच्या निबंधात हाच प्रश्न आहे आणि उत्तर द्यायला त्याने पकडला कोण, तर एक भारतीय! पृथ्वी कशावर आहे? हत्तीवर. हत्ती कशावर? कासवावर. कासव? ‘काहीतरी आहे, काय ते माहीत नाही.’ लॉक म्हणतो, बिचाऱ्या भारतीय तत्त्वज्ञाला ‘सबस्टन्स’ हा शब्द सुचला असता तर हत्ती-कासवांची यातायात वाचली असती.

टोमणा आपल्याला नाही, युरोपच्या पंडितांना आहे. शब्द मोठा केला म्हणून खाली काही उभं राहत नाही. माझं मत त्यामुळे: काहीही लिहा, पोहे गरम ठेवा.

---

जागरण गोंधळ

उशिरा आलो. मुंबईत जो धंदा घरात पिढीजात आहे, त्यामुळे एक शब्द टाकतो आणि पळतो.

बगदादमध्ये नवव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल अरबीत गेला तेव्हा ऊसियासाठी रुळलेला शब्द ‘जौहर’. तो फारसी ‘गौहर’चा अरबी अवतार. फारसीत त्याचे अर्थ रत्न, तसंच मूळ, जात, अस्सल गुण. अरबी तत्त्वज्ञ पानोपानी ‘जौहर’ लिहितात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं सबस्टन्स. त्याचं अनेकवचन ‘जवाहिर’. आणि मराठीत आपण काय म्हणतो? जडजवाहीर.

जौहर पारखणारा जौहरी, गुजरातीतून आला झवेरी. तेव्हा झवेरी बाजार म्हणजे शब्दशः ऊसियावाल्यांचा बाजार. अथेन्समध्ये शेत आणि घर, बगदादमध्ये माणिक-मोती, मराठीत द्रव्य. तत्त्वज्ञानाने दर वेळी तिजोरीतूनच शब्द उचलला, हे आमच्या वडिलांना सांगितल्यावर फार बरं वाटलं त्यांना.

---

शाईचा डाग (धागाकर्ता)

कोकम, जागरण, रेघताई, सगळ्यांचे आभार. द्रव्य कायम. तळटीप अशी लिहिली: ‘मूळ शब्द ऊसिया, व्यवहारात अर्थ शेतीवाडी, मालमत्ता. वाचकाला द्रव्य म्हटल्यावर पैसा आठवला तर बिघडत नाही, ग्रीक वाचकालाही आठवत होता.’ काल मोठ्याने वाचली. बाबा म्हणाले, “मग आधीच सांगायचंस.”

---

झोपाळू घुबड

डाग, छापायच्या आधी थांबा, हे तळटिपेत घ्याच.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत शेकडो वेळा ऐकलाय, पण काल रात्री हा धागा वाचून ग्रीक पाठ काढला. लूक, अध्याय १५, वचन १२. धाकटा मुलगा बापाला म्हणतो, माझ्या वाट्याला येणारा भाग मला द्या. कशाचा भाग? ऊसियाचा! जेरोमच्या नावाने चालणाऱ्या लॅटिन बायबलात तिथे काय आहे? ‘पोर्तिओनेम सुब्स्तान्तिए’. सुब्स्तान्तियाची वाटणी! पुढच्या वचनात पोरगं परदेशात जाऊन ती सुब्स्तान्तिया उडवतं. वाळवंटात ज्या शब्दाने जेरोमची झोप उडवली, तोच इथे जमिनीचा तुकडा होऊन पडलाय.

आणि खरी गंमत वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘तेव्हा बापाने त्यांना वाटून दिलं’, काय वाटून दिलं? तिथे ऊसिया नाही. तिथे शब्द आहे ‘बिओस’. बायॉलॉजीतला बिओस. जीवन, आणि ज्यावर जगायचं ते सगळं. एका शब्दात याचं मराठी मला जमेना.

---

शाईचा डाग (धागाकर्ता)

जमेल. आजोबांच्या कागदात आहे, पहिल्याच ओळीत: ‘आमची स्थावर जंगम जिंदगी आम्ही राजीखुशीने दोघां मुलांस वाटून दिली असे.’